मिसळणाच्या डब्यातली चार चक्रं

दर शनिवारी संध्याकाळी वसंतकाकांचा फोन यायचा आणि फोनवर ते एकच शब्द बोलायचे. ‘उद्या?’ मी म्हणायचो, ‘उद्या.’ संपला फोन. मला पाल्हाळ लावायची सवय. ‘कसे आहात’ला उत्तर द्यायलाही मला तीन अंक आणि एक मध्यंतर लागतं. पण या दोन शब्दांच्या नाटकात मी वर्षानुवर्षं बिनतक्रार काम केलं. दोन महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी फोन वाजला, तेव्हा नंबर न बघताच मी रंगमंचावरच्या खर्जात गरजलो, ‘उद्याऽऽ!’ पलीकडून, दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून, त्यांची मुलगी बोलली. “प्रमोद, स्वाती बोलतेय. बाबा गेले. झोपेतच. सकाळी शेजारच्यांनी बघितलं.” आयुष्यभर लोकांना भूल देऊन हळूच झोपवणारा डॉक्टर स्वतःही तसाच, कुणाला न उठवता गेला. मी हे स्वातीला बोलूनही दाखवलं. आपल्या जिभेला वेळकाळ नाही. पण ती रडता रडता हसली आणि म्हणाली, “ही वुड हॅव लव्ड दॅट.”

आमची ओळख शिकागोतल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झाली. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये मी एका विनोदी नाटकात इन्स्पेक्टर होतो. हातात प्लॅस्टिकचं पिस्तूल, मिशी डिंकाने लावलेली, आणि आपण किती भीषण दिसतो आहोत या कल्पनेनेच मी खूश. प्रयोग संपल्यावर एक उंच, शिडशिडीत, पांढऱ्या केसांचे गृहस्थ मेकअपच्या खोलीत आले. मला वाटलं, कौतुक करायला आले. ते म्हणाले, “पिस्तूल असं धरतात? तू तर उलथनं धरलं होतंस.” मागे उभ्या असलेल्या सुमनकाकू म्हणाल्या, “अहो, पहिल्या भेटीत काय हे!” त्यावर काकांनी मला रविवारी सकाळी येण्याचं फर्मान सोडलं. त्या दिवसापासून माझं नाव ‘नाटक्या’ पडलं आणि माझा रविवार त्यांचा झाला.

ते विस्कॉन्सिनमध्ये, तळ्याकाठच्या एका छोट्या गावात राहत. शिकागोच्या उत्तरेला असलेल्या माझ्या घरापासून तासाभराचा ड्राइव्ह. गावाबाहेर मक्याच्या शेतांना लागून नेमबाजीची रेंज होती. काकांकडे चार जुनी रिव्हॉल्व्हर होती, त्यांच्या आजोबांच्या वयाची. अमेरिकेत बंदूक म्हटलं की कोणत्या बातम्या आठवतात, ते मी सांगायला नको. मलाही त्याच आठवत होत्या. मंडळातल्या अर्ध्या लोकांनी तर ‘भला माणूस, पण हे काय खूळ!’ असं म्हणून हात टेकले होते. पण काकांचं प्रेम बंदुकीवर नव्हतं, त्या घडणीवर होतं. कुणा अनामिक कारागिराने कानशीने घासून बसवलेला घोडा, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, आणि घोडा मागे ओढताना होणारे ते आवाज… जुन्या तिजोरीचं कुलूप उघडावं तसे. चारांतली सर्वांत जुनी होती, तिला ते ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारीला घाई केलेली चालायची नाही. दर वेळी घोडा अंगठ्याने चढवायचा, मग चाप. धूर भरपूर, नेम बेताचा, आणि दणका असा की छातीतलं सगळं साचलेलं एकदा हलून जावं. पहिल्या दिवशी माझी गोळी कागदाला सोडून मागच्या मातीच्या भिंतीत गेली, तेव्हा काका म्हणाले, “छान. भिंत ठार.”

शिकवताना मात्र ते पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये जायचे. कानांवर जाड संरक्षक टोप्या असल्यामुळे बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून ते माझ्या पाठीवर तळहात ठेवत. माझा श्वास त्या हाताला कळायचा. श्वास अर्धा सोडून झाला की बोटाने हलकेच टिचकी मारत… आता. एवढी वर्षं माणसांचे श्वास मोजण्यात गेलेला तो हात. माझा संसार कोर्टात संपला होता, मुलगा कॉलेजला निघून गेला होता. आठवडाभर माझ्या पाठीवर दुसरा हात पडत नसे. दोन माणसं शेजारी उभी, कान बंद, एक अक्षर न बोलता… माझ्यासारख्या बडबड्याला त्यात एवढं सुख का वाटावं, याचा मी फार विचार केला नाही. रविवार संपला की पुढच्या रविवारची वाट बघायचो, एवढंच.

मग सुमनकाकू गेल्या. दिवसपाणी आटोपलं, स्वाती बेलव्ह्यूला परतली, आणि पुढच्या रविवारी मी गेलो तर काका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात काकूंचा जादाचा मिसळणाचा डबा, स्टीलचा, गोल, आत सात वाट्या. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुढची एक खीळ ओढली की गोळ्या भरायचं चक्र अलगद हातात येतं. काकांनी चारही चक्रं काढून, मऊ फडक्यात गुंडाळून एकेका वाटीत ठेवली होती. उरलेल्या वाट्यांत तेलाची कुपी, ब्रश, कापूस. चक्राशिवाय रिव्हॉल्व्हर म्हणजे नुसतं शोभेचं लोखंड. डबा माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, “हा तुझ्या घरी ठेव. दर रविवारी घेऊन यायचा, परत घेऊन जायचा. विसरायचं नाही.”

मी विचारलं, “का?”

“घर फार शांत झालंय रे.”

ते इतक्या सरळ आवाजात म्हणाले, जणू पेशंटचं ब्लडप्रेशर सांगत होते. मला सगळं कळलं. डॉक्टरांनी स्वतःला तपासलं होतं, धोका कुठे आहे ते ओळखलं होतं आणि स्वतःच उपाय केला होता. त्या उपायातलं अर्धं औषध माझ्याकडे दिलं होतं. एरवी मृत्यूवरही कोटी करणारा मी, त्या दिवशी ‘बरं’ एवढंच म्हणालो आणि डबा दोन्ही हातांनी उचलला.

त्यानंतर आमच्या रविवारला एक विधी आला. रेंजच्या टेबलावर ते त्यांची पेटी उघडायचे, मी माझा डबा. “सामान आणलंस?” “आणलं.” खटाखट चार जोडण्या. रेंज चालवणारा डेल, पोट सुटलेला, दाढीवाला, अतिशय मृदू माणूस, हे दर वेळी कॉफी घेऊन बघायला यायचा. आणि एका रविवारी व्हायचं ते झालंच. माझ्या ओट्यावर दोन डबे शेजारी शेजारी. एक काकूंचा, एक माझ्या आईने दिलेला. झोपेत निघालो, काकांसमोर मोठ्या ऐटीत झाकण उघडलं तर आत मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथ्या… डेलने वाकून बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, “डॉक, यातली बारूद कोणती?” काका इतके हसले, इतके हसले, की त्यांना खुर्ची द्यावी लागली. काकू गेल्यानंतर ते हसलेले मी प्रथमच बघत होतो.

नेमबाजी बोंबलली. आम्ही घरी गेलो. काका म्हणाले, “मसाला आलाच आहे तर वाया कशाला घालवायचा?” आणि इतके महिने डब्यातलं सूप पिणाऱ्या त्या माणसाने कढई काढली. मोहरी तडतडली, हिंगाचा वास जिन्यावरून वर गेला, आणि काका हातात उलथनं घेऊन नुसते उभे राहिले… मी म्हणालो, “काका, उलथनं पिस्तुलासारखं धरलंय.” “गप रे नाटक्या. कांदा चीर.” पोहे किंचित करपले. दोघांनी दोनदा घेतले.

त्या दिवशी धीर करून मी विचारलं, “काका, ती रिव्हॉल्व्हर सरळ विकून का टाकत नाही? कटकटच नको.”

“विकली तर तू रविवारी कशाला येशील?”

“पोह्यांना येईन की!”

“पोहे तुला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी हॉटेलांत मिळतात. याच्यापेक्षा बरे.” आणि त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक चमचा वाढला.

त्यांच्या जाण्यानंतर काही आठवड्यांनी स्वाती घर आवरायला पुन्हा आली. जुन्या शस्त्रांचा एक व्यापारी येऊन बघून गेला होता. तिने मला फोन केला. “प्रमोद, तो म्हणतो, चारही इनकम्प्लीट आहेत. काही पार्ट्स मिसिंग आहेत. डू यू नो एनिथिंग?” मी डबा घेऊन निघालो. या वेळी झाकण उघडून दोनदा तपासला. तासभराचा रस्ता होता, मका नुकता उगवलेला, आणि शेजारच्या सीटवर डब्याला मी सीटबेल्ट लावला होता. तो परत दिला की रविवार संपले, एवढं मला कळत होतं.

स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी मी डबा उघडला आणि सगळं सांगितलं. स्वाती बराच वेळ एक चक्र तळहातावर घेऊन बसली. मग म्हणाली, “आई गेल्यापासून मी बाबांना रोज व्हिडिओ कॉल करायचे. बोलायचे वेदरबद्दल, बघायचे त्यांच्यामागच्या त्या बंदुकांच्या कपाटाकडे. एव्हरी सिंगल डे. विचारायची हिंमत झाली नाही… आणि त्यांनी हे आधीच… मला सांगितलं का नाही?”

“तू तिथून घाबरली असतीस.”

“घाबरतच होते ना!” ती ओरडली. फ्रिजचा आवाज येत होता. घर खरंच फार शांत होतं.

म्हातारी सोडून बाकीची तीन रिव्हॉल्व्हर व्यापाऱ्याला द्यायचं ठरलं. मी घसा साफ केला, जरा पोज घेतली आणि म्हणालो, “म्हातारी मला दे. काय किंमत असेल ती लाव. रीतसर, कायद्याने जे काय लागेल ते करतो.” स्वातीने म्हातारी उचलली, चक्र नसलेली, मधून आरपार दिसणारी. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी बापासारखं, तपासल्यासारखं.

“घरी कोण असतं तुझ्या?”

“मी असतो. आणि माझा आवाज.”

“म्हणजे कुणी नाही.”

तिने म्हातारीला टॉवेलमध्ये गुंडाळलं, व्यापाऱ्याला द्यायची तीन चक्रं बाहेर काढली आणि म्हातारीचं चक्र परत वाटीत ठेवून डबा माझ्याकडे सरकवला. “ही मी बेलव्ह्यूला नेते. रीतसर. हे तू ठेव. वर्षातून एकदा मी माझं अर्धं घेऊन येईन, तू तुझं आण. डील?”

“अगं, पण मी बरा आहे!”

“बाबाही बरे होते,” ती म्हणाली. “डबा घे.”

मी घेतला. आता तो माझ्या ओट्यावर आहे, आईच्या डब्याशेजारी. तीन वाट्या रिकाम्या, तिनांत तेलाची कुपी, ब्रश आणि कापूस, एकीत म्हातारीचं चक्र. रेंजवर मी गेलेलो नाही. जाऊन करणार काय? शनिवारी संध्याकाळी फोन हाताशी ठेवतो, वाजत नाही, मग उगीच मोठ्याने ‘उद्या’ म्हणतो. आवाज चांगला लागतो अजून… ऐकायला कुणी नाही, एवढंच. रविवारी सकाळी पोहे करतो. तेल तापलं की मी हात पुढे करतो आणि बहुतेक वेळा चुकीचाच डबा उघडतो. चुकून नव्हे. चक्र फडक्यातून काढतो, तेलाचं बोट फिरवतो, पुसतो, झाकण लावतो. तोवर कढईतलं तेल धुरावलेलं असतं. पोहे करपतात, अगदी काकांच्या पोह्यांसारखे, आणि मी दोनदा घेतो.