चार वाजताचा इंग्रजी चहा

सरकारी ऑफिसात फायलींपेक्षा किस्से जास्त साचतात. फाइल वर्षातून एकदा तरी पुढच्या टेबलावर सरकते, किस्सा मात्र सगळ्याच टेबलांवर कायम उघडा! आमचं धरणांचे नकाशे काढायचं ऑफिस नागपूरला, सिव्हिल लाइन्समध्ये. सत्तरच्या दशकात तिथे जे किस्से साचले, त्यातले निम्मे एका चहाचे आहेत. आणि आधीच सांगून टाकतो, त्या निम्म्या किश्शांत मी फक्त जळतोय.

* * *

दिल्लीहून पाहुणे आले की आमचे मोठे साहेब त्यांना चार वाजता हॉटेलात न्यायचे. हॉटेल जुनं, इंग्रजांच्या काळातलं. तिथे 'इंग्लिश टी' मिळायचा. चहा घेता घेता पाहुण्यांना नकाशे दाखवायचे, म्हणून गुंडाळ्या धरायला एक ड्राफ्ट्समन सोबत लागे.

पहिल्या वेळी साहेब स्वतः आमच्या हॉलमध्ये आले. सगळ्यांवर नजर फिरवली आणि वाकोडेपाशी थांबले. वाकोडेला संध्याकाळी वाडीला मावसभावाच्या लग्नाला जायचं होतं, म्हणून त्या दिवशी तो कोट घालून आला होता.

"चला," साहेब म्हणाले.

झालं! तेव्हापासून दर वेळी वाकोडेच. मी त्याला चार वर्षं सीनियर. नकाशा माझा, त्यावरचं अक्षर माझं, आणि चहा वाकोडेला. का? तर त्याच्या मावसभावाचं लग्न होतं!

* * *

दुसऱ्या दिवशी वाकोडेभोवती ही गर्दी. मी आपला पेन्सिलीला टोक काढत होतो, कान मात्र तिकडेच.

"तीन मजली थाळी राहते. खाली सँडविच, मधात बिस्किटावानी काहीतरी, वरतं केक. सँडविचमधी काकडी. अन् पावाच्या कडा कापलेल्या!"

आमचे हेडक्लार्क इंगोले यांनी चष्मा वर केला. "कडा काहून कापतात?"

"तशी पद्धत आहे."

"मंग त्या कडा कोण खाते?"

वाकोडे खुर्चीत मागे रेलला. उसासा टाकून म्हणाला, "तुम्हाले नाही समजणार ते, भाऊ!"

विचारलं होतं इंगोलेंनी, पण झोंबलं मला. एकदा, फक्त एकदा त्या टेबलावर बसायचं आणि परत येऊन वाकोडेसमोर उसासा टाकायचा, एवढीच माझी इच्छा राहिली. प्रमोशनसुद्धा मी त्या चहानंतर मागितलं असतं.

* * *

एकदा वाकोडे चहाची रीत सांगत होता. किटलीत नुसतं चहाचं पाणी, दूध वेगळं, साखरेच्या वड्या वेगळ्या. ज्याला जसा पाहिजे तसा त्याने कपात करून घ्यायचा.

आमच्या टायपिस्ट सुलभाबाईंनी मशीन थांबवलं. "म्हणजे आपला चहा आपणच करायचा?"

"हो बाई."

"हे तं मी रोज घरी करून राहिली! मले तं कोणी गाडीत बसवून नेत नाही!"

* * *

मग मी ठरवलं, अडचण कोटाचीच आहे ना? ट्रंकेतून लग्नातला कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि बटण लागेना. तरी घातला. पाहुणे त्या दिवशी येणार अशी पक्की बातमी होती, आणि महिना होता मे!

नागपूरचा मे. कूलरसमोर बसूनही घाम पाठीवरून खाली उतरत होता. तीन वाजता साहेब हॉलमध्ये आले, सगळ्यांवर नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबले. मी नकाशाची गुंडाळी उचललीच.

"बापूराव, थंडी वाजतेय का? मलेरिया असेल. ताबडतोब घरी जा!"

माझी अर्धी रजा गेली. वाकोडे बुशशर्टावर गेला.

* * *

आमच्या शिपायाने, नामदेवने, एक दिवस बातमी आणली. "वाकोडे साहेब हॉटेलातून निघाले का सीधे सदर बाजारातल्या ठेल्यावर जातात. दोन आलूबोंडे, वरतं तिखट रश्श्याची डबल तर्री!"

"पाहा!" मी ओरडलोच. "तीन मजले खाऊनही पोट भरत नाही मेल्याचं!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचा चहा तर होताच, आता त्याच्या भुकेचाही मला हेवा वाटायला लागला.

* * *

आणि मग माझी पाळी आली. मार्च संपत आला होता. पाहुणे दारात, आणि वाकोडे गाल धरून बसला. "दाढ लय दुखून राहिली, साहेब. बापूभाऊले न्या."

मी गेलो. पांढरं टेबलक्लॉथ, तीन मजली थाळी, सगळं वाकोडेने सांगितलं तस्संच. फक्त मी बसलो नाही. उभा राहून दोन्ही हातांनी नकाशा ताणून धरला होता. पाहुणे एकदाच माझ्याशी बोलले, "शुगर?" मी हो म्हणालो. कप माझ्यासमोर गार झाला. नकाशा गुंडाळून मी एक सँडविच उचललं. दोन बोटांएवढं होतं. काकडीतून पलीकडचं दिसत होतं. दुसऱ्याला हात घालणार तोच वेटरने थाळी उचलली!

बाहेर आलो तो पोटात कावळे ओरडत होते. पाय आपोआप सदरकडे वळले.

ठेल्यावर वाकोडे बसला होता. दाढ ठणठणीत. समोर आलूबोंड्याच्या तीन प्लेटी.

"बसा भाऊ. मले मालूम होतं तुम्ही येसान."

मी खाली मान घालून पहिला बोंडा संपवला. मग विचारलं, "तिसरी कोणाची?"

तेवढ्यात साहेबांची गाडी येऊन उभी राहिली. पाहुण्यांना गेस्ट हाउसला सोडून आलेले साहेब उतरले, कोट काढून सीटवर फेकला आणि बाकावर आमच्या शेजारी बसले.

"तर्री जरा जास्त," ते ठेलेवाल्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बापूराव, उद्या ऑफिसात विचारतील, कसा होता चहा. काय सांगणार?"

मी वाकोडेकडे पाहिलं. तो तर्री ओरपत होता.

दुसऱ्या दिवशी इंगोलेंनीच विचारलं. माझ्याभोवती सगळा हॉल गोळा झाला होता. मी खुर्चीत मागे रेललो आणि मोठा उसासा टाकला.

"तुम्हाले नाही समजणार ते, भाऊ!"

सोमवारी इंगोले कोट घालून आले.