गरम अंगावर गार वारा

फोर्तुनातो बितांगाने उभा जन्म सान पाब्लोच्या एका बेकरीत, लाकडाच्या भट्टीसमोर काढला. बाजारात त्याला सगळे नातोकाका म्हणत. माणूस गरीब स्वभावाचा, पण एका बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. उष्णतेतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्याची पक्की खात्री होती. तरुणपणी भट्टीसमोरून उठून त्याने तापलेले हात सरळ थंड पाण्यात घातले, आणि तेव्हापासून ते थरथरत होते. हा पास्मा. तापलेल्या अंगाला गार पाणी किंवा गार वारा लागला की शिरा धरतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. डॉक्टर हसतात, पण त्यांच्या आयाही त्यांना तेच सांगत आल्या.

बेकरी सुटल्यावर नातोकाका लेकीच्या, जोव्हेलिनच्या, आधाराने राहू लागला. खरं तर उलटंच म्हणायला हवं. तिचा नवरा परागंदा झाला होता, आणि तिच्या लहानग्या आयझाला न्हाऊमाखू घालणं, शाळेत सोडणं हे सगळं आजोबाच करी. जोव्हेलिन घरी बसून कॉम्प्युटरवर जपानी मुलांना इंग्रजी शिकवायची. या नोकरीवर ते घर उभं होतं, आणि ती सुटली तर पुढचा रस्ता गल्लीतल्या अर्ध्या बायका आधीच चालून गेल्या होत्या: कुवेतमध्ये मोलकरीण. पोर आजोबाजवळ ठेवून.

आणि नेमका तो कॉम्प्युटर दगा देऊ लागला. जुनाच घेतलेला. धडा रंगात आला की पडदा काळा. जोव्हेलिनने वायर बदलली, विजेची पट्टी बदलली. शेजारणीने विजेला दोष दिला म्हणून दाब सांभाळणारा डबा आणला. कुणी म्हणालं आत कीड शिरलीय, म्हणून सगळं पुसून नव्याने भरलं. घराला आशीर्वाद द्यायला आलेल्या पाद्रीबाबांनी त्याच्यावर तीर्थाचे दोन थेंबही शिंपडले. रोग रेड्याला, औषध पखालीला! शेवटी कंपनीचं बजावणं आलं, की आणखी एक धडा मध्येच तुटला तर नाव कमी करू.

बाजारातला दुरुस्तीवाला एर्निंग येऊन बघून गेला.

"तापतोय गं," तो म्हणाला. "आतला पंखा मेलाय, त्या मापाचा आता मिळत नाही. झाकण काढून ठेव, आणि शिकवताना घरातला मोठा पंखा त्याच्या पोटावर सोड. चालेल तितके दिवस चालेल."

"किती दिवस?"

"मी काय ज्योतिषी आहे?"

नातोकाका तेव्हा आयझाला आणायला शाळेत गेला होता. परत येऊन बघतो तर टेबलाखाली कॉम्प्युटर उघडानागडा, आणि त्यावर भणाणता पंखा! तो ओरडणारच होता. पण जोव्हेलिन कानांना हेडफोन लावून धडा घेत होती. धड्याच्या वेळी तोंडातून अक्षर काढायचं नाही, हा घरचा नियम.

तो टेबलामागे खाली बसला आणि हात लांब करून कॉम्प्युटरच्या पत्र्याला लावून पाहिला. पत्रा तापला होता. इतकी वर्षं भट्टी सांभाळलेला माणूस तो. त्याला वाटलं, सगळ्यांचं कुठे चुकलं ते आपल्याला कळलं. भरल्या घामावर गार वारा सोडल्यावर कोण टिकेल? त्याने थरथरत्या हाताने पंखा हळूच बंद केला. मग ताज्या पावावर टाकतात तसं मैद्याच्या पोत्याचं धुतलेलं फडकं आणलं, आणि निवायचं ते सावकाश निवू दे म्हणून कॉम्प्युटरवर नीट, चारी बाजूंनी खोचून घातलं. मनातून तो इतका सुखावला होता, की बेकरी सुटल्यापासून आपण कुणाच्या कामी आलो असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

पलीकडचा मुलगा प्राण्यांची नावं म्हणत होता. जिराफापर्यंत आला आणि पडदा काळा झाला.

जोव्हेलिनने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग ती खाली वाकली आणि तिला फडकं दिसलं. खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास सुटला होता.

"ताताय, पंखा कुणी बंद केला?" तिने बापाला विचारलं.

"मी. अगं, तापलेल्या अंगावर गार वारा... त्याला पास्मा झाला असता, पोरी."

तिने फडकं उचललं आणि घडी घालून टेबलावर ठेवलं.

"एर्निंगला बोलव ना," नातोकाका म्हणाला. "काहीतरी करेल तो."

"तो आता काय करणार?"

तरीही एर्निंग आला. त्याने आत डोकावून बघितलं, फडक्याकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. एरवी जिभेला हाड नसलेला तो माणूस काही न बोलता निघून गेला. तेव्हा नातोकाकाला सगळं कळलं. आपल्या हातांनी आपण लेक घालवली, हे त्याला त्या उन्हाच्या दुपारी लख्ख दिसलं, आणि ते सांगून मन हलकं करावं असं घरात कुणी नव्हतं.

कुवेतचे कागद झटपट झाले. ते नेहमीच झटपट होतात. जोव्हेलिन त्याला एका अक्षराने बोलली नाही. पूर्वी भात करपला तरी घर डोक्यावर घ्यायची. आता ती त्याला आपल्या जुन्या फोनवर चित्रासह बोलायला शिकवत होती. त्याचं बोट थरथरून भलतीकडेच पडे आणि समोर आयझाचा फोटो नाहीतर हिशेबाचं यंत्र उघडे.

"छान. आता पुन्हा एकदा," ती म्हणे. परक्यांच्या मुलांना म्हणायची तशीच, गोड, न चिडता.

चौथ्यांदा चुकल्यावर त्याने फोन मांडीवर ठेवला. "ओरड ना गं मला. एकदा तरी ओरड."

"नाही, ताताय."

"माझी चूक नव्हती?"

"होती." तिने त्याचं बोट धरून हिरव्या बटणावर ठेवलं. "पण मी सोमवारी चाललेय. जाताना ओरडले, तर परत येईपर्यंत तेच ऐकत बसाल. दाबा."