रघुनाथरावांनी पूर्ण बंद न केलेल्या गोष्टी

रघुनाथराव टेंभेकर केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यातून चंडीगडला निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं झाली. पण तिथल्याच मनीमाजरा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं तर वाटावं, ही माणसं काल आलीत आणि उद्या निघणार आहेत. बैठकीत दिवाण म्हणून मांडलेल्या लोखंडी पेट्या जयपूरच्या बदलीपासून उघडलेल्याच नव्हत्या. भिंतीला खिळा ठोकायला बंदी होती. आपण काय इथले कायमचे थोडेच, असं ते इतक्या गंभीरपणे म्हणत की जणू खाली ट्रक येऊन उभा आहे.

तिकडे सांगलीचा फ्लॅटही त्यांनी जय्यत ठेवला होता. वीज चालू, सिलिंडर भरलेला, पंख्यांना कापडी पिशव्या. शेजारचे राजाभाऊ अधूनमधून फोन करून विचारत, चांगला भाडेकरू आलाय, देऊ का? रघुनाथराव म्हणत, बघू, आम्ही येतोच आहोत. येत मात्र कधीच नव्हते. दोन्हीकडे पाय ठेवून कुठेच न बसणं, याला ते दूरदृष्टी म्हणत.

हीच दूरदृष्टी त्यांनी कॉम्प्युटरवरही चालवली. कुणाच्या तरी नादानं लिनक्स ही दुसरी सिस्टिम घातली, पण आधीचं विंडोज काढलं नाही. न जाणो, लागलं तर? पेन्शन आणि सांगलीची बिलं विंडोजमध्ये, बाकी संसार लिनक्समध्ये, आणि दोन्हीकडून उघडेल अशी एक सामायिक ड्राइव्ह मध्ये. घरातली प्रत्येक फाइल तिथेच ठेवायची, असा त्यांचा हुकूम होता. गेल्या महिन्यात विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून एक सोयही त्यांनी चालू केली आणि दोन दिवस स्वतःवर खूश होते.

त्यांच्या पत्नी नलिनीबाई मुळात शिक्षिका. तीन गावांतल्या तीन चांगल्या शाळा त्यांनी नवऱ्याच्या बदल्यांपायी सोडल्या होत्या. आता चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या मराठी अधिकाऱ्यांच्या बायका मागे लागल्या होत्या, की आमच्या मुलांना मराठी समजतं पण बोलतात हिंदीत, तुम्ही वर्ग घ्या. शनिवारी पहिला वर्ग ठरला. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला आपल्या कामासाठी बोलावतंय, हे आठवून बाईंना भाजी चिरतानाही हसू येई. हे हुकलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मराठी टायपिंग लिनक्सवर छान बसलेलं, म्हणून त्या तिथे धडे लिहायला बसल्या. लिहिलं, पण ड्राइव्हवर सेव्ह होईना. रघुनाथरावांनी चौकशी हाती घेतली. आधी बायकोच्या हाताला दोष दिला, मग मनीमाजऱ्याच्या व्होल्टेजला. इंटरनेटच्या एका मंचावर तर त्यांनी सरकारी इंग्रजीत असा तपशीलवार खुलासा मागितला, की तिथल्या कुणी उत्तर द्यायची हिंमत केली नाही. दर वेळी पडद्यावर एक चौकट यायची आणि रघुनाथराव ती कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून मिटवायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांवर आक्षेप लिहिलेल्या माणसाला आपल्यावरचा आक्षेप वाचायची सवय कुठून असणार?

शुक्रवारी नलिनीबाईंनी त्यांचा हात धरला आणि चौकट वाचली. साधं इंग्रजी होतं. दुसरी सिस्टिम पूर्ण बंद केलेली नाही, ती नुसती झोपली आहे, म्हणून ही ड्राइव्ह वाचता येईल, तिच्यात लिहिता येणार नाही.

रघुनाथरावांना ती लवकर सुरू होण्याची सोय आठवली. आपण बंद करतो तेव्हा विंडोज बंद होतच नाही, परतायची तयारी ठेवून डोळे मिटून पडतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी विंडोजमध्ये जाऊन ती सोय काढली, कॉम्प्युटर खरोखर बंद केला आणि पुन्हा लिनक्स उघडलं. बाईंनी धडे पुन्हा टाइप केले आणि या वेळी ते सेव्ह झाले.

तेवढ्यात राजाभाऊंचा फोन आला. भाडेकरूच. रघुनाथराव सवयीनं म्हणाले, "बघू, आम्ही येतोच..." आणि थांबले. नलिनीबाईंनी फोन घेतला. भाडेकरू ठेवा, सिलिंडर त्यांना वापरू द्या, पंख्यांच्या पिशव्या काढून टाका, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. रघुनाथराव हरकत घ्यायला उठले आणि परत बसले.

मग बाईंनी दिवाणावरची गादी ओढली. त्यांना मधली पेटी हवी होती. किल्ली मागितली तेव्हा रघुनाथराव ओशाळून म्हणाले, किल्ल्या सांगलीच्या कपाटात आहेत. बाई आत गेल्या, खलबत्त्यातला बत्ता घेऊन आल्या आणि कुलपावर घाव घालू लागल्या. रघुनाथरावांनी पेटी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली.

आत बाईंच्या शाळेच्या दिवसांतली लाकडी अक्षरं होती, चित्रांचे तक्ते होते आणि खडूंचा पार भुगा झाला होता. रघुनाथरावांनी त्यातलं एक अक्षर उचलून हातात घेतलं.

"नलू, हे तुला इतकं हवं होतं, तर कधी सांगितलं नाहीस?"

"दर बदलीला सांगितलं. तुम्ही वाचायच्या आधीच मिटवत होतात."

रघुनाथराव खाली बसले आणि सदऱ्याच्या टोकानं एकेक अक्षर पुसू लागले.