चिकटवलेला पूल

बालवाडीच्या बाईंना सगळे ‘ठोकळेवाल्या बाई’ म्हणत, आणि त्यात थोडी टिंगल असे. शेजारच्या वर्गात शंभरापर्यंत घोकंपट्टी चालायची, यांच्याकडे पोरं जमिनीवर लाकडी ठोकळे रचत बसायची. एकचे, दोनचे, चारचे. चारचा कमी पडला की दोनचे दोन जोडायचे. हाताला कळल्याशिवाय गणित डोक्यात शिरत नाही, या हट्टापायी बाईंनी वीस वर्षं बोलणी खाल्ली होती.

त्यांच्या वर्गातली सातू मोजताना सातापाशी अडायची, म्हणून पोरांनी तिचं हे नाव पाडलेलं. पाठांतरात ढ ठरलेली ही पोर ठोकळे हाती येताच मोठ्यांच्याही तोंडात मारतील असे पूल बांधायची. आता तपासणीचे साहेब येणार होते आणि तिला पहिलीत घालायचं की नाही, ते ठरवणार होते.

आदल्या दिवशी साहेबांसाठी पोरांनी रचलेला पूल एका अंगाला कलला. साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, त्याच्यासमोर पूल पडला तर शोभा होईल, असं बाईंच्या मनानं घेतलं. शाळा सुटल्यावर त्यांनी एकेक ठोकळा डिंकानं पक्का केला. आयुष्यभराचं शिकवणं असं भीतीपोटी मातीत घातलं!

साहेब मात्र भले निघाले. सातूशेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, “हा मोठा काढ बरं. त्याच्या जागी छोटे बसव.”

बाईंनी स्वतः निवडला असता, असाच प्रश्न. सातूनं ठोकळा ओढला. तो निघेना. तिनं बाईंकडे पाहिलं, पुन्हा ओढला, तर अख्खा पूलच सरकला. ‘मी चिकटवलाय’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण शेजारी मुख्याध्यापिका उभ्या होत्या, आणि बाईंनी तोंड उघडलं नाही. साहेबांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कागदावर लिहिलं, ‘अजून एक वर्ष बालवाडीत.’

दुपारी बाईंनी मुख्याध्यापिकांकडे कबुली दिली. कागद वरच्या कचेरीत गेला, आता गप्प राहा, असं त्यांनी बजावलं. मग सुरीनं ठोकळे सोडवताना बाईंना रडू आवरेना.

सकाळी त्यांनी सुटे ठोकळे सातूपुढे मांडले. “काल माझं चुकलं. घे, आता निघतील.”

सातूनं हात पाठीमागे नेले.

“मला नाही येत, बाई,” ती समजावल्यासारखी म्हणाली. “साहेबांनी बघितलं ना.”