मॅडम काळजी मोजायला आल्या

चहाच्या गाळणीत पत्ती साचते, तसे दवाखान्यात किस्से साचतात. आमची टपरी लहान मुलांच्या वार्डाला लागून. त्यात मी चौथी शिकलेला म्हातारा, म्हणून माझ्यासमोर सारे बिनधास्त बोलतात.

परवा शहरातून एक मॅडम आल्या. लेकराच्या उपचारात घरच्यांना किती विचारतात, ते मोजायला. मी म्हटलं, "मोजता कायनं? मापटं आणलं काय?"

त्यांनी कार्ड दाखवलं. एक तोंड हसरं, एक सरळ, एक रडकं. आसेगावच्या एका बापानं झटकन हसऱ्यावर बोट ठेवलं.

"इतके समाधानी आहात?"

"नाही जी. दवाखान्यात रडक्या तोंडाले हात लावू नाही, अपशकुन असते."

*

काचेच्या पेट्यांच्या खोलीबाहेर पोहरादेवीकडची सुनीता बसून असे. ती बाळंत झाली दुसरीकडे. बाळ श्वास घेईना म्हणून त्याला तसंच इकडं पळवलं. टाके जरा सुकले तशी हीही आली. पण आत सोडत नव्हते. मी म्हणे, "बाई, दाराले टेकू नको, उघडलं त पडशीन."

"उघडू त द्या, बाबाजी," ती म्हणे.

*

शिरपूरच्या एका सुनेच्या मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू. मॅडमनं तिला विचारलं, "औषध बदलताना तुम्हाला विचारतात?"

सासू म्हणाली, "इचारतात नं. मले."

"आणि आईला?"

"तिले कायले? ते त नुसती माय आहे."

मॅडमच्या हातातला चहा थंड झाला. मी दुसरा दिला. तोही झाला.

*

मग मी सिस्टरच्या कानात सोडून दिलं, "मॅडम तुमाले नापास कराले आल्या." झालं! सिस्टर मॅडमच्या मागं येऊन उभी. तिथून पुढं साऱ्यांचं उत्तर एकच.

"डॉक्टर तुमच्याशी बोलतात?"

"नेहमी."

"काय बोलतात?"

"भायेर थांबा."

*

शेवटी मॅडम सुनीताजवळ बसल्या. सिस्टर होतीच मागं. सुनीताचंही सारं "नेहमी, नेहमी". मॅडमनं कार्ड पिशवीत टाकलं आणि उठता उठता रीत म्हणून विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

सुनीतानं आधी सिस्टरकडं पाहिलं. मग दाराच्या काचेकडं बोट केलं. आत ओळीनं बाळं निजली होती.

"बाई, त्यातलं माह्यं कोनतं?"