शंभर टक्के निकालाची शाळा

"खाऊन आलास कां?" इंदिराअक्का सकाळी फाटकाशी उभ्या राहून प्रत्येक मुलाला तमिळमध्ये हे विचारत. मुख्याध्यापिकेच्या खोलीत त्या क्वचितच सापडत.

त्याआधी तंजावूरच्या बी.एड. कॉलेजात त्या आम्हांला शालेय व्यवस्थापन शिकवायच्या. "निर्णय शिक्षक, पालक आणि मूल, तिघांनी मिळून घ्यायचा," हे त्यांचं आवडतं वाक्य. पुढे मी शिकवत होते त्याच शाळेत त्या मुख्याध्यापिका म्हणून आल्या. तिथे घरची तंजावरी मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मनातलं बोलायला त्या माझ्याकडे येत.

संस्थाचालकांना दहावीचा निकाल शंभर टक्के हवा होता. कच्च्या मुलांना नववीतच दाखला देऊन काढायचं, ही तिथली रीत. अक्कांनी पालक समितीचं नाव काढलं, तेव्हा ते हसले. "समितीला कॉफी पाजा, मॅडम. निर्णय मी घेतो."

नववीतली सेल्वी गणितात नापास होत होती. बाप नाही, आई भातलावणीच्या मजुरीवर. शाळा सुटल्यावर अक्का स्वतः तिला शिकवत. "हीस मी सोडणार नाहीं," मला म्हणाल्या.

मग तिरुचीला मुख्याध्यापकांच्या शिबिरात व्याख्यान द्यायला संस्थेने अक्कांना पाठवलं. विषय शालेय व्यवस्थापन. त्या परत येईपर्यंत आईचा अंगठा घेऊन सेल्वीचा दाखला दिला गेला होता.

आम्ही दोघी पापनाशमजवळच्या तिच्या घरी धावलो. आई दारातच म्हणाली, "तुम्हीच काढलंत ना, टीचर? तिरुप्पूरच्या सूतगिरणीत कामाला गेली ती." अक्का तिरुप्पूरलाही जाऊन आल्या. रखवालदाराने भेटू दिलं नाही. अक्कांच्या तक्रारीवर शिक्षण खात्याने कळवलं, पालकांनी राजीखुशीने दाखला नेला. "इतकीं वर्षें मी शिकवलें तें काय होतें? मज सांग तूं," त्या विचारत राहिल्या.

पुढच्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला. सत्कार समारंभात गळ्यातला हार काढून अक्कांनी माइक घेतला आणि हजेरी घ्यायला लागल्या. "सेल्वी. मुरुगन. कविता." सगळी काढून टाकलेली मुलं. माइक बंद केला गेला. अक्का तशाच, आवाज फाटेस्तोवर हाका मारत राहिल्या. शेवटी शिपायाने हाताला धरून त्यांना खाली उतरवलं.

त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. जूनमध्ये प्रवेशाची रांग पार बसस्टँडपर्यंत गेली होती.