किसनमामाची मांडणी

भुताखेतांच्या विरोधात मी स्वतः पत्रकं लिहिली आहेत, चौकात उभं राहून वाटली आहेत. आमच्या घरात अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची असलं काही चालत नाही. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय. पण त्याहून मोठा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे, म्हणून लिहितोच.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. परभणीत स्टेशन रोडला एक छापखाना आहे... नाव देत नाही. माझा मामा, किसन, तिथे एकोणीस वर्षं कंपोझिटर होता. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. खिळे ठेवायची लाकडी केस असते, लहान लहान घरांची. सारखी लागणारी अक्षरं मधल्या घरांत, हाताजवळ. क्वचित लागणारी कडेला. मामा केसकडे न बघता जुळवायचा.

मग कॉम्प्युटर आला. त्याला काचेची खोली, पडदा, चपला बाहेर. मी कोर्स केला होता म्हणून मालकांनी मला ऑपरेटर ठेवलं. मामाला मात्र आत बंदी.

"तुझे हात काळे असतेत किसन. मशीन खराब होईल."

मामाने रॉकेलने हात धुतले, मग साबणाने, आणि परत येऊन उभा राहिला.

"असू दे," मालक हातांकडे न बघताच म्हणाले, "बाहेरूनच बघ."

स्क्रीनवर प्रत्येक कामाचं एक छोटं चित्र असायचं — आयकॉन. त्यावर दोनदा क्लिक केलं की ते काम उघडायचं. हे आयकॉन कुठे ठेवायचे ते मालकांनी खुर्ची ओढून, शेजारी बसून सांगितलं. सगळ्यात वर चेअरमनसाहेबांच्या संस्थेचं लेटरहेड. मग मोठ्या घरांच्या लग्नपत्रिका. मग बाकीचे.

"अन् ते तुमचं पत्रक?"

"नामांतराचं?"

"तेच. पार खाली टाक. आल्यागेल्याला दिसू नये."

छापून द्यायला त्यांची हरकत नव्हती. दिसायला होती! आणि मी काय केलं? माझ्याच हाताने तो आयकॉन ओढत खाली नेला, इतका खाली की खिडकी सरकवल्याशिवाय सापडू नये. आमची गावं अशीच तर वसवली आहेत.

मालक गेल्यावर मामाने काचेवर टकटक केलं. "आरं भाच्या, हे काय मांडायलास? ते लेटरहेड कवा उघडतूस?"

"महिन्यातून एकदा."

"अन् पत्रक?"

"रोज."

"मग रोजचं हाताजवळ ठेव की. केस मांडायला अक्कल लागती, मालकी न्हाई."

"मामा, नोकरी जाईल माझी."

मामा परत आपल्या केसकडे गेला.

दोन महिन्यांनी मामा राणीसावरगावला गेला आणि तिथेच छातीत कळ येऊन वारला. मी आठवड्याने कामावर आलो. तोवर खोलीला कुलूप होतं, किल्ली मालकांकडे.

मशीन सुरू केली आणि हात थांबला. पत्रक बरोबर मधोमध. त्याला लागून शाळेच्या प्रश्नपत्रिका, शोकपत्रिका... रोजची कामं. लेटरहेड पार कडेला. मामाची केस जशीच्या तशी.

वाटलं, माझीच काहीतरी चूक झाली असेल. मालकांच्या क्रमाने लावलं, सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी मशीन सुरू करतो न करतो तोच मालक चेअरमनसाहेबांना कॉम्प्युटर दाखवायला घेऊन आले.

"आमचं कुठंय?"

मालक शोधायला लागले. कोपऱ्यात सापडलं, तसे चेअरमनसाहेब हसले. "काय हो, आमाला येशीबाहेर काढलं का?"

मालकांचा चेहरा उतरला. संध्याकाळी त्यांनी स्वतः मांडणी लावली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. "सकाळी हे हललेलं दिसलं, तर तू घरी."

सकाळी कुलूप त्यांनीच काढलं. मशीन त्यांनीच सुरू केली. पत्रक मधोमध. आणि पांढऱ्या माऊसवर काळा, तेलकट डाग.

"हात दाखव!"

मी दाखवले. पालथे, मग उताणे. स्वच्छ होते. मालकांनी ते धरून उजेडात नेले, नखं तपासली.

"मालक," मी म्हणालो, "मामा धुऊन आला होता, तवा त्याचे हात असे बघितले होते का तुमी?"

हात सोडले त्यांनी. "ते पूस, आन् उद्यापासून येऊ नको."

साबणाने डाग निघेना. मागच्या खोलीतून मामाची रॉकेलची बाटली आणली, तेव्हा निघाला. पत्रक आम्ही दुसरीकडे छापलं.

मित्र म्हणतात व्हायरस असेल. दुसरी किल्ली असेल. असेल... पण व्हायरसला कंपोझिटरची केस कुठून माहीत? भूत मी आजही मानत नाही, आणि जे पाहिलं त्याचा उलगडाही मला झालेला नाही. मामा त्या खोलीत कधी गेला नव्हता. जाऊ दिलं नव्हतं. नक्की असं मला एवढंच माहीत आहे.